नाराचा बुद्ध: मूळ किती, डागडुजी किती?

जपानला जाणारा आपल्याकडचा माणूस टोकियो, क्योटो आणि बुलेट ट्रेन एवढं उरकतो. वेळ उरलाच तर नारा. क्योटोहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं, त्यामुळे 'अर्धा दिवस बास' असा हिशोब! हरणांना बिस्किटं घालायची, तोदाइजीच्या बुद्धाचा फोटो काढायचा, परत. पण त्या बुद्धाची गोष्ट माहीत असेल तर अर्धा दिवस पुरत नाही.

गोष्ट सुरू होते साथीपासून. ७३५ ते ७३७ मध्ये जपानमध्ये देवीच्या रोगाने हाहाकार माजवला. दरबारातले चार सत्ताधारी फुजिवारा भाऊ एकाच वर्षात गेले. पाठोपाठ ७४० मध्ये बंड. मग सम्राट शोमूने ७४३ मध्ये वैरोचन बुद्धाची प्रचंड मूर्ती ओतायचा हुकूम काढला. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने गवताची काडी किंवा मूठभर माती आणली तरी चालेल, असं त्या हुकुमातच होतं.

७५२ मध्ये मूर्तीचे डोळे रंगवून नेत्रोन्मीलन झालं. आपल्या प्राणप्रतिष्ठेसारखाच प्रकार. आणि ते केलं कोणी? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने! तो चीनमार्गे ७३६ मध्ये तिथे पोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोरे बांधून ते जमलेल्या लोकांनी धरले होते, म्हणजे पुण्य सगळ्यांना वाटून.

पुढे काय झालं? ११८० च्या युद्धात देऊळ जळलं. ११८५ मध्ये पुन्हा डोळे रंगवले ते निवृत्त सम्राट गो-शिराकावाने, बोधिसेनाचाच जपून ठेवलेला कुंचला वापरून. १५६७ मध्ये परत युद्ध, परत आग. मूर्ती कित्येक दशकं उघड्यावर बसून होती. १६९२ मध्ये सध्याच्या डोक्याचं नेत्रोन्मीलन झालं, १७०९ मध्ये देऊळ पूर्ण झालं, तेही पैशांअभावी रुंदीला सुमारे एक तृतीयांश कमी. तरीही आतला १५ मीटर उंच बुद्ध बघताना मान दुखते!

आठव्या शतकातलं आता खाली कमळाच्या काही पाकळ्या वगैरे एवढंच उरलंय. मग हा बुद्ध 'तोच' म्हणायचा का? जुन्या सॉफ्टवेअरमधल्या एकेक करत सगळ्या फायली बदलल्या तर ते तेच सॉफ्टवेअर का, तसलाच प्रश्न.

याचं उत्तर मला शेजारच्या टेकडीवर सापडलं. तिथल्या निगात्सुदो देवळात दरवर्षी १ ते १४ मार्च ओमिझुतोरीचा विधी असतो. अंधारात भल्यामोठ्या मशाली सज्ज्यावरून पळवतात, खाली ठिणग्यांचा पाऊस. हा विधी ७५२ मध्ये सुरू झाला आणि एकाही वर्षी चुकलेला नाही. ११८० ची आग विझल्यावर लगेचच्या वर्षीसुद्धा झाला. १६६७ मध्ये विधी चालू असतानाच खुद्द निगात्सुदो जळलं, तरी खंड नाही. लाकूड आणि धातू बदलत गेले, पण 'यंदाही करायचंय' असं म्हणणारी माणसं प्रत्येक पिढीत निघाली. माझ्या लेखी बुद्ध तोच आहे तो त्यांच्यामुळे.

जाता जाता शाकाहारी मंडळींसाठी: साध्या दिसणाऱ्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा विचारून घ्या. नारामध्ये चागायू मिळते, चहात शिजवलेली भाताची पेज. मार्चच्या थंडीत मशाली बघून आल्यावर ही पेज म्हणजे सुख!