भूल, बधिरता, अवेदना : वेदनाशमनाचा इतिहास आणि रुग्णाची भाषा

शस्त्रक्रियेच्या आणि कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांचा इतिहास सामान्यतः औषधांचा व साधनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रस्तुत निबंधात तो रुग्णाच्या बोलण्याचा इतिहास म्हणून वाचावयाचा आहे. त्यासाठी भूल, बधिरता आणि अवेदना ही तीन पदे आधारास घेतली आहेत.

मोहिनी, विसर, चूक आणि शस्त्रक्रियेपूर्वी आणलेली बेशुद्धी हे सारे अर्थ मराठीत ‘भूल’ या एका शब्दात सामावतात. हा अर्थविस्तार इतिहासाशी जुळणारा आहे. १८४५ मध्ये जेम्स एस्डेल या शल्यचिकित्सकाने बंगालमधील हुगळी येथे संमोहनाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया आरंभिल्या. १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले आणि संमोहन मागे पडले. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली, तीही क्लोरोफॉर्म देऊनच. साधने बदलली, परंतु शस्त्रक्रिया चालू असता रुग्णाने मूक राहावे ही अपेक्षा कायम राहिली.

‘बधिरता’ या पदाने ही अपेक्षा मोडली. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर केला. १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर याने पाठीच्या कण्यात औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. उदरातील मज्जातंतूंच्या जाळ्यापर्यंत पाठीमागून सुई नेण्याची मॅक्स कापिस याची पद्धत १९१४ची. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातून पाठीत घुसणारी वेदना शमविण्यासाठी पुढे याच ठिकाणी मद्यार्क टोचण्यात येऊ लागला. तत्पूर्वी तात्पुरते बधिर करणारे औषध देऊन पाहता येते. आराम पडला की नाही, हे मात्र जागा असलेला रुग्णच सांगू शकतो. त्याचे उत्तर येथे उपचाराचाच भाग ठरते.

१९७५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक याने मॅक्‌गिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ७८ इंग्रजी विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. मराठीही या बाबतीत संपन्न आहे. पोटात कळ येते, गळू ठणकते, पायातून सणक जाते, जखमेची आग होते, हाताला मुंग्या येतात, दंडाला रग लागते. यांपैकी आग, सणक आणि मुंग्या यांचा उल्लेख झाल्यास मज्जातंतूलाच इजा झाली असावी, अशी शंका वैद्याला येते आणि औषधयोजना बदलू शकते.

भाषांतराचा प्रश्न येथे निकडीचा होतो. दिल्लीतील पहाडगंज भागात नूतन मराठी शाळा व बृहन्महाराष्ट्र भवन आहे; जवळच १९१६ मध्ये स्त्रियांसाठी सुरू झालेले लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा वस्तीतील एखादी वृद्धा ‘रात्रभर आग होते, मधूनच सणक जाते’ असे म्हणते आणि दुभाषा झालेला मुलगा ‘दर्द है’ एवढेच सांगतो. हिंदीत जलन, टीस, चुभन हे शब्द नाहीत असे नव्हे. घाईच्या अनुवादात ते गळतात, आणि त्यांच्याबरोबर निदानाची खूणही गळते.

तिसरे पद ‘अवेदना’. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले आणि शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःखाचा एकत्र विचार मांडला. १९८६ मध्ये मुंबईत डॉ. लुईस डिसूझा यांच्या पुढाकाराने शांती अवेदना सदन सुरू झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची त्रिपदी प्रसिद्ध केली. अशा शुश्रूषेत मर्दन, श्वसनाचे व्यायाम, संगीत हे पूरक उपाय येतात. ते मॉर्फिनची जागा घेत नाहीत, परंतु भीती आणि ताण कमी करण्यास साहाय्य करतात. मॉर्फिन मिळणे मात्र १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने दुष्कर झाले होते. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली.

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. भूल जाणीव आणि यातना दोन्ही हरण करते. अवेदनेचा आदर्श अधिक कठीण आहे : यातना जावी, जाणीव राहावी, माणसाला अखेरपर्यंत आपल्यांशी बोलता यावे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना येथे प्रत्यक्ष काम आहे. वेदनेच्या मराठी शब्दांचा, त्यांच्या बोलीभेदांसह व अन्य भारतीय भाषांतील समांतर शब्दांसह, रुग्णालयात वापरता येईल असा कोश सिद्ध करणे हे ते काम होय.