भिरुडाचं बारसं

आंब्याच्या बुंध्यातून लाकडाचा भुसा गळू लागला की शेतकरी म्हणतो, 'भिरूड लागलं.' भिरूड म्हणजे खोड पोखरणारी पांढुरकी अळी. पण पावसाच्या तोंडावर दिव्याभोवती येणारा, लांबलचक मिशांचा करडा भुंगेरा मात्र आपल्याला परका वाटतो. वास्तविक अळीचाच तो होतो आणि पुन्हा सालीच्या फटीत अंडी घालतो. हे नातं ओळखलं नाही, तर आपण अळीमागे धावतो आणि भुंगेरा मोकळा राहतो.

माझं मुरुम उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ. इथं एका वस्तूला मराठी, कन्नड, दखनी अशी तीन नावं सहज मिळतात. कवीला ती श्रीमंती वाटते. शास्त्राला मात्र साऱ्या जगात चालणारं एकच नाव हवं असतं, अळीपासून भुंगेऱ्यापर्यंत सगळा जन्म कवेत घेणारं.

स्वीडनच्या लिनियसनं १७५८ साली प्राण्यांच्या जोडनावांची पद्धत रूढ केली. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या प्रजातीला त्यानं 'सेराम्बिक्स' म्हटलं. हा शब्द ग्रीक पुराणातला. सेराम्बस नावाच्या गाणाऱ्या मेंढपाळानं वनदेवतांची निंदा केली, तेव्हा त्यांनी त्याला लाकूड खाणारा भुंगेरा करून टाकलं! कोरड्या यादीत असा एक गवई दडलेला आहे.

लिनियसचाच देशबंधू चार्ल्स डी गीर यानं १७७५ मध्ये आपल्या कीटकविषयक ग्रंथाच्या पाचव्या खंडात आंब्याच्या या शत्रूचं बारसं केलं. मानेमागच्या दोन तांबूस डागांवरून नाव ठेवलं 'सेराम्बिक्स रुफोमॅक्युलेटस', म्हणजे तांबूस ठिपक्यांचा. पुढे जगभरातून नमुने येत गेले आणि सेराम्बिक्सचं घर अपुरं पडलं. नेपोलियनच्या फौजेतला सेनानी आणि भुंगेऱ्यांचा मोठा संग्राहक देजाँ याच्या १८३५ च्या यादीतलं 'बॅटोसेरा' हे आज या जातीचं घर आहे. बॅटोसेरा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही बदललं : 'बॅटोसेरा रुफोमॅक्युलेटा'. काळा घोडा, काळी घोडी, तसंच हे. घर बदललं, तरी पहिलं नाव ठेवणाऱ्याचा मान जात नाही. 'डी गीर, १७७५' ही अक्षरं आता कंसात लिहितात. जातीनं घर बदलल्याची ती खूण.

आज सेराम्बिसिडी कुळात पस्तीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. आपल्या आंब्याचं हे भिरूड इस्रायलमध्ये अंजिराची झाडं मारतं. तिथला संशोधक आणि कोकणातला संशोधक एकमेकांची भाषा जाणत नसले, तरी या एका नावामुळं एकमेकांचा अनुभव वाचू शकतात.

म्हणून बुंध्याच्या भोकातून तार घालून अळी काढाच. पण यंदाच्या पावसाळ्यात दोन तांबूस डागांचा, लांब मिशांचा भुंगेरा आंब्यावर दिसला, तर त्यालाही भिरूडच म्हणा. अंडी घालण्याआधीच त्याला पकडता येईल.