हार्ट अटॅकचं इंजेक्शन आणि हॅम्स्टरच्या पेशी

'डॉक्टर, या कागदावर चायनीज हॅम्स्टर ओव्हरी असं लिहिलंय. औषधात प्राण्याचं काही आहे का?' टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिल्यावर नातेवाइकांनी असं विचारलं, तर त्यात चूक काही नाही. औषध बनतं आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीत, मग हा चिनी उंदीर आला कुठून?

1957 साली अमेरिकेत थिओडोर पक यांनी एका मादी हॅम्स्टरच्या अंडाशयातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या. त्या वाढतच राहिल्या. आज कारखान्यांतल्या टाक्यांमध्ये असतात त्या त्यांच्याच वंशज. म्हणजे तुमच्या इंजेक्शनसाठी कोणी हॅम्स्टर मारलेला नाही, आणि शुद्ध केलेल्या औषधात पेशीही नसतात.

पण मग जीवाणूंकडून का बनवून घेत नाहीत? इन्सुलिन तर 1982 पासून तसंच मिळतंय. कारण इन्सुलिनवर साखरेच्या साखळ्या नसतात. आपल्या शरीरातल्या पुष्कळ प्रथिनांवर त्या असतात. (मधुमेहींनी घाबरू नये, ही रक्तातली साखर नव्हे.) नेहमीच्या वापरातल्या जीवाणूंना अशा साखळ्या लावता येत नाहीत, यीस्ट भरमसाट मॅनोज लावतं, हॅम्स्टरच्या पेशींचं काम मात्र माणसाच्या बरंच जवळ जातं.

या पेशींपासून बनवलेलं अल्टेप्लेज 1987 साली अमेरिकेत मंजूर झालं. अडचण एकच, पाचेक मिनिटांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायचं. 117 व्या जागेवरची मॅनोजची साखळी यकृत ओळखायचं आणि औषध उचलून न्यायचं. म्हणून हार्ट अटॅकमध्ये ते सलाइनसारखं तास-दीड तास चालवावं लागे. संशोधकांनी ती साखळी काढली, 103 व्या जागेवर वेगळ्या प्रकारची नवी साखळी बसेल अशी सोय केली, आणखी एका ठिकाणीही बदल केला. तेच 2000 साली मंजूर झालेलं टेनेक्टेप्लेज. ते वीस मिनिटांहून जास्त टिकतं. वजन पाहून एकदाच टोचलं की झालं. छोट्या गावातल्या दवाखान्यात, रुग्णाला पुढे पाठवण्याआधी, ही सोय किती मोलाची आहे हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. रक्तस्रावाचा धोका मात्र यातही आहेच.

साखळी हाच एक मार्ग असंही नाही. रेटेप्लेज जीवाणूंतच बनतं, साखळ्यांशिवाय. त्यात प्रथिनाचाच काही भाग छाटला आहे. त्याचे अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन डोस द्यावे लागतात.

पेशी बदलली की काय होऊ शकतं, हे 2008 साली कळलं. सेटुक्सिमॅब हे कर्करोगाचं औषध उंदराच्या पेशींत बनतं. त्या पेशी अल्फा-गॅल नावाची साखर लावतात, जी माणसात नसते. अमेरिकेच्या काही भागांत पहिल्याच डोसला रुग्णांना गंभीर ॲलर्जी येत होती. त्यांच्या रक्तात या साखरेविरुद्धच्या प्रतिपिंडं आधीच होती. गोचीड चावल्यानं ती तयार होतात, हे पुढे लक्षात आलं. तुमच्या घरी कोणाला हे औषध सुरू होणार असेल आणि मटण खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर पित्त उठत असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.