पहिल्या वाराचा हक्क

सन १९९६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २७ तारखेस जपानात निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या खेळाच्या तांबडी आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या विक्रीस आल्या. सातोशी ताजिरी आणि गेम फ्रीक संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी त्या चिमुकल्या कॅसेटीत १५१ काल्पनिक प्राण्यांची वंशावळ तर भरलीच होती, परंतु त्याबरोबर दोन यंत्रे एका केबलने जोडून दोन मुलांना परस्परांशी झुंजण्याची जी सोय त्यांनी करून ठेवली, तिच्यातून पुढे स्वतःचे कायदे, स्वतःचे पंडित आणि स्वतःचे हद्दपारीचे हुकूम असलेली एक संपूर्ण युद्धविद्या उदयास आली. प्रत्येक पक्षाकडे सहा प्राणी, प्रत्येक प्राण्यास चार डावपेच, मैदानात एका वेळी एकच प्राणी, आणि दोन्ही पक्षांनी आपापली आज्ञा एकदमच द्यावयाची, असा या झुंजीचा मूळ दस्तूर होता. दोन आज्ञांपैकी आधी कोणती अमलात यावी याचा निवाडा मात्र सामान्यतः वेगाच्या आकड्यावर होई. ज्याचा वेग अधिक त्याचा वार प्रथम; आणि दोन्ही वेग तंतोतंत समान असले, तर केवळ दैवाचा कौल.

या एका कलमातून ज्याला खेळाडू ‘स्वीपर’ म्हणतात त्या लढवय्याचा, आणि विशेषतः त्याच्या अतिचपळ परंतु अतिनाजूक शाखेचा, जन्म झाला. समोरच्या सहा प्राण्यांना एकामागून एक, प्रत्येकी एकाच आघातात, प्रत्याघाताची संधी न देता आडवे करीत जावयाचे, एवढेच त्याचे कार्य. मेलेला शत्रू वार करीत नाही, या साध्या सत्यावर त्याची सारी सुरक्षितता उभी असते. त्याला ढाल नसते, त्याचा वेग हीच त्याची ढाल, आणि तीसुद्धा त्याच्या प्रत्येक वाराने समोरचा खरोखरच पडत असेल तोवरच. एखादा प्रतिपक्षी अर्धमेला का होईना उभा राहिला की त्याच पाळीत सगळा हिशोब चुकता होतो. मराठी वाचकाला येथे गनिमी काव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु ती उपमा पुरती लागू पडत नाही. कारण गनिमी काव्यातला स्वार वार करून निसटतो, आणि येथला लढवय्या निसटला की त्याच्या पक्षाची ती पाळीच खर्ची पडते, शिवाय त्याच्या जागी येणाऱ्या सोबत्याला येता येताच शत्रूचा घाव सोसावा लागतो.

आपल्याकडे बहुतेकांची या विश्वाशी ओळख झाली ती दूरचित्रवाणीवरील मालिकेतून, आणि तीतला पिकाचू वाटेल तितके तडाखे खाऊन पुन्हा उभा राहताना पाहिलेल्यांना हे सांगितले तर नवल वाटेल, की खेळातील पिकाचूची प्राणशक्ती, म्हणजे एचपीचा मूळ आकडा, अवघा ३५, मूळ संरक्षण २०१३ पर्यंत केवळ ३०, आणि त्याच्याजवळ अभिमान बाळगण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे ९० चा वेग. तात्पर्य, तोही त्याच नाजूक कुळातला. परंतु या कुळाचा इतिहास सांगावयाचा तर पिकाचूला बाजूस ठेवून अलाकझामचा हात धरणे मला अधिक योग्य वाटते. कारण त्याचे आकडे जवळजवळ तेच राहिले आणि भोवतालचा कायदा मात्र वारंवार पालटला. त्यामुळे चपळाईची किंमत कोण ठरवितो हे त्याच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कोणाच्याही दिसत नाही.

अलाकझामची प्राणशक्ती ५५, संरक्षण ४५, वेग १२०, आणि ‘स्पेशल’ नावाचे बळ १३५. कदाब्रा नामक प्राणी केबलवरून दुसऱ्याच्या यंत्रात पाठविला म्हणजेच त्याचे अलाकझाममध्ये रूपांतर होई, त्यामुळे ज्याला विश्वासू मित्र नाही त्याला अलाकझाम नाही, असा प्रकार होता. (मित्राने तो परत न केल्यावरून झालेली भांडणे इतिहासात नोंदली गेलेली नाहीत, पण ती झाली असणारच.) पहिल्या पिढीच्या, म्हणजे त्या मूळ आवृत्त्यांच्या, कायद्यात वेगाला दुहेरी वेतन मिळत असे: पहिला वार तर त्याचाच, शिवाय मर्मभेदी आघाताची, म्हणजे क्रिटिकल हिटची शक्यताही मूळ वेगावरूनच ठरे. सामान्य वारासाठी मूळ वेगाला ५१२ ने भागावे असा तो हिशोब होता, आणि त्याप्रमाणे अलाकझामचा जवळजवळ प्रत्येक चौथा वार मर्मी बसे. त्यातही ‘स्पेशल’ हा एकच आकडा त्या जातीच्या आक्रमणास आणि तिच्यापासूनच्या बचावास असा दोन्हीकडे लागू असल्याने, लाथाबुक्क्यांपुढे कागदासारखा फाटणारा हा प्राणी ज्वाळा, वीज आणि हिमवर्षाव यांच्यापुढे मात्र पुष्कळ टिकाव धरी. तरीही तो त्या काळचा सार्वभौम नव्हता. चॅन्सीची अफाट प्राणशक्ती त्याचे वार पचवी, अर्धांगवायूने, म्हणजे पॅरालिसिसने, त्याचा वेग एकदम चतुर्थांशावर येई, आणि ११० वेगाचा टॉरॉस हा बैल कमी चपळ असूनही अंगाने धडधाकट असल्यामुळे बहुतेकांचा अधिक विश्वासू सेनापती ठरला.

नोव्हेंबर १९९९ मध्ये सोनेरी आणि रुपेरी आवृत्त्या निघाल्या आणि चपळांची वतने खालसा झाली असेच म्हटले पाहिजे. मर्मभेदाचा वेगाशी असलेला संबंध तोडण्यात आला. ‘स्पेशल’चे आक्रमण आणि संरक्षण असे दोन वाटे झाले, आणि वाटणीत अलाकझामच्या पदरी १३५ चे आक्रमण राहिले, तरी संरक्षण ८५ वर उतरले. दर पाळीस एकूण प्राणशक्तीचा सोळावा भाग भरून देणारे ‘लेफ्टओव्हर्स’ आले आणि ते जवळ बाळगून स्नॉरलॅक्ससारखे अजस्र देह आपले बळ शांतपणे वाढवीत बसू लागले. ज्यावर अलाकझामच्या सायकिक प्रकारच्या वाराचा काडीइतकाही परिणाम होत नाही असा डार्क प्रकार निर्माण झाला, आणि त्या प्रकारातील ‘परस्यूट’ हा डाव तर पळून जाणाऱ्यालाच दुप्पट जोराने गाठी. अलाकझाम उभा राहिला तरी मरे आणि मागे फिरला तरी मरे. त्या पिढीतील झुंजी शेकडो पाळ्या चालू शकत. त्यांचे चाहते आजही आहेत, मी त्यांच्यापैकी नाही.

सन २००२ मधील तिसऱ्या पिढीने एक असा बदल केला की जो वरकरणी निव्वळ हिशोबी वाटावा, पण ज्याने या कुळाचे पुनर्वसन केले. तोपर्यंत प्रत्येक प्राण्याचा प्रत्येक गुण मेहनतीने पूर्ण वाढविता येत असे, म्हणून धिप्पाड प्राण्याला काहीच सोडावे लागत नसे. आता मेहनतीच्या गुणांवर ५१० ची कमाल मर्यादा बसली, एका बाजूस २५२ घातले की दुसऱ्या एकाच बाजूस तितके उरतात, आणि शेष सहांपैकी कामी येणारे चार कोठेतरी टाकावेत अशी स्थिती झाली. ज्याला काहीच वाचवावयाचे नाही त्याला ही टंचाई जाचली नाही. २५२ आक्रमणावर, २५२ वेगावर, चार प्राणशक्तीवर, हा मसुदा इतका रूढ झाला की तो न सांगताच गृहीत धरला जाऊ लागला. याच पिढीत, २००४ च्या फायररेड आवृत्तीत, डिऑक्सिसच्या आक्रमक रूपाने ही कल्पना आपल्या टोकाला पोचली: दोन्ही आक्रमणे १८०, वेग १५०, आणि दोन्ही संरक्षणे केवळ २०. स्मोगन या खेळाडूंच्या संघटनेने सामर्थ्याप्रमाणे प्राण्यांच्या ज्या श्रेणी लावल्या, त्यांत हे रूप सर्वसाधारण श्रेणीतून हद्दपार होऊन ‘उबर’ या वरच्या वर्गात गेले.

परंतु या साऱ्या इतिहासाचा सर्वांत गजबजलेला काळ म्हणजे २००६ नंतरची चौथी पिढी. तिने नाजूकांना ‘फोकस सॅश’ नावाचा कमरपट्टा दिला, ज्याच्या योगे पूर्ण प्राणशक्ती असताना बसलेला प्राणांतिक घावही एक अंश शिल्लक ठेवून जाई; आणि लगेच ‘स्टेल्थ रॉक’ नामक अदृश्य दगड मैदानात पेरण्याची विद्याही दिली, जे दगड प्रवेश करणाऱ्या साधारण प्राण्याचा आठवा हिस्सा दारातच कापून घेत, म्हणजे पूर्णत्वाची अट तेथेच मोडे आणि कमरपट्टा निरुपयोगी होई. वेगाचा विचार न करता आधीच बसणारे ‘बुलेट पंच’, ‘आइस शार्ड’ यांसारखे वार आले. आणि ‘चॉइस स्कार्फ’ आला, जो बांधला की एकाच डावाला बांधून घेण्याच्या मोबदल्यात वेग दीडपट होई.

हा स्कार्फ काय करी हे एका जोडीवरून जवळून पाहण्यासारखे आहे. शंभराव्या पातळीचा, वेगावर पूर्ण मेहनत घेतलेला आणि वेग दशांशाने वाढविणाऱ्या ‘टिमिड’ स्वभावाचा अलाकझाम ३७२ वेगाने धावतो. त्याचा जन्मवैरी टायरॅनिटार हा डार्क आणि खडक अशा दुहेरी प्रकारचा डोंगरासारखा प्राणी, मूळ वेग अवघा ६१. पण त्यानेही वेगाचा ‘जॉली’ स्वभाव घेऊन स्कार्फ बांधला, तर तो ३६४ वर पोचतो. आठ अंशांचे अंतर! आता अलाकझामच्या धन्याने वारात दशांशाची भर पडावी या लोभाने ‘मॉडेस्ट’ स्वभाव पत्करला असेल, तर त्याचा वेग ३३९ वर येतो आणि तो डोंगर त्याच्याआधी हलतो. उलट टायरॅनिटारच्या धन्यानेही तोच लोभ धरून ‘अॅडमंट’ स्वभाव ठेवला असेल, तर त्याचा वेग ३३१, आणि पारडे पुन्हा फिरले. बरे, अलाकझामला पहिला वार मिळाला तरी सायकिक विद्या येथे शून्यवत्. त्याच्याजवळ मुख्य उपाय म्हणजे ‘फोकस ब्लास्ट’, जो टायरॅनिटारवर चौपट बसतो, परंतु बसण्याची शक्यता शंभरात सत्तर. दोन माणसे परस्परांचे कागद न पाहता एकमेकांच्या लोभाचा अदमास घेत बसली आहेत, असे हे दृश्य असे.

या कोंडीतून अलाकझामची सुटका २०१० मध्ये सुरू झालेल्या पाचव्या पिढीने केली, आणि तीही आकड्यांना हात न लावता. त्याला ‘मॅजिक गार्ड’ हा गुणधर्म मिळाला. त्यायोगे प्रत्यक्ष वाराखेरीज दुसरी कोणतीच इजा त्याला होईना. दगड त्याला टोचेनात, टायरॅनिटार उठवीत असलेले वाळूचे वादळ त्याला घासेना, म्हणून त्याचा कमरपट्टा शाबूत राही. ‘लाइफ ऑर्ब’ हा गोळा प्रत्येक वारास ३० टक्के जोर देऊन त्याची वसुली इतरांच्या प्राणशक्तीतून करी, त्याला मात्र ती वसुली माफ. ५५ प्राणशक्तीचा हा दुर्बळ प्राणी चौदा वर्षांत प्रथमच निर्धास्तपणे मैदानात येऊ लागला.

त्यापुढील मजल लवकर सांगून टाकतो. २०१३ मध्ये ‘मेगा’ रूपाने त्याला १५० चा वेग दिला, परंतु रूप पालटण्याच्या पाळीत जुनाच वेग मोजण्याचा चमत्कारिक नियम २०१६ पर्यंत जारी होता. त्याच २०१६ मध्ये दोन्ही आक्रमणे १३७, दोन्ही संरक्षणे ३७ आणि वेग १५१ असलेली फेरोमोसा अवतरली, आणि पॅरालिसिसने होणारी वेगाची हानी निम्म्यावर थांबविण्यात आली. २०१९ च्या आवृत्त्यांतून ‘परस्यूट’ नाहीसा झाला. २०२० मध्ये आलेल्या रेजीएलेकीचा मूळ वेग २००, आजवरचा सर्वाधिक. पण त्याच्या भात्यात विजेवाचून मातब्बर असे काही नसल्याने जमिनीच्या प्रकारातील कोणीही प्राणी निवांत उभा राहून त्याची वाट अडवी.

याहून मनोरंजक गोष्ट ‘टेलिपोर्ट’ची आहे. अलाकझामचे बालरूप जे आब्रा, त्याला पहिल्या खेळात स्वतःहून हा एकच डाव येत असे, आणि झुंजीत त्याचा उपयोग रानातल्या गाठीतून पळ काढण्यापुरता. तोच डाव २०१८ पासून सोबत्याशी जागा बदलण्याचा झाला, आणि तो पाळीच्या अगदी शेवटी घडत असल्याने ब्लिसी, स्लोब्रो यांसारखे स्थूल प्राणी आधी शत्रूचा घाव आपल्या अंगावर घेत व मग हळूच बाजूस सरून नाजूक सोबत्याला विनाओरखडा मैदानात आणून सोडीत. चपळांच्या सेवेत मंदगती प्राणी रुजू झाले, आणि जो जितका घाव सोसणारा तितका या कामी अधिक लायक.

नोव्हेंबर २०२२ मध्ये निघालेल्या स्कार्लेट आणि व्हायोलेट आवृत्त्यांच्या हजेरीपटावर अलाकझामचे नाव नाही. तेथे ‘फ्लटर मेन’ आहे: प्राणशक्ती, शारीरिक आक्रमण आणि शारीरिक संरक्षण प्रत्येकी ५५, विशेष आक्रमण, विशेष संरक्षण आणि वेग प्रत्येकी १३५. दुहेरी झुंजींच्या अधिकृत स्पर्धांत, जेथे प्रत्येक पक्षाचे दोन दोन प्राणी एकदम उतरतात, तेथे त्याचा दबदबा मोठा. म्हणूनच त्याच्या विरोधकांनी जुन्या दफ्तरातून २००६ चे ‘ट्रिक रूम’ हे शस्त्र पुन्हा बाहेर काढले. ते पाळीच्या शेवटी लागू होते, तोवर ते लावणाऱ्याने जिवंत राहिले पाहिजे, पण एकदा लागू झाले की ती पाळी धरून पाच पाळ्या मंद आधी आणि चपळ नंतर. मग पहिला वार २० वेगाच्या टोरकोल या कासवाचा. त्याचा ‘इरप्शन’ हा वार समोरच्या दोघांनाही एकदम भाजून काढतो, परंतु त्याचा जोर टोरकोलच्या उरलेल्या प्राणशक्तीच्या प्रमाणात कमी होत जातो. तेव्हा त्या धिम्या प्राण्याचा धनीही, ‘ट्रिक रूम’ लागण्याआधीच्या पाळीत आपल्या कासवाला कोणी स्पर्श करू नये, याच विवंचनेत असतो.