जर्मनीची केबल आणि परभणीची माती

वळवाची पहिली वावटळ सुटली, टिनपत्रं खडखडली, की पाठोपाठ परभणीत वीज जाते. कुलर थांबतात, माणसं ओट्यावर येऊन बसतात आणि चर्चा दरवर्षी त्याच वाक्यावर येऊन ठेपते : ‘एकदाच्या तारा जमिनीखाली घाला ना!’ कुणीतरी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आपली लाडकी म्हण काढतो आणि जर्मनीत रस्त्यावर खांब दिसत नाहीत, हेही ऐकवतो. ओट्यावरचं हे मत आता वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत आणि निवडणुकीच्या आश्वासनांतही स्थिरावलं आहे. वीज भूमिगत झाली की विजेचा प्रश्न सुटला, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे. मला ते मान्य नाही.

आपल्याकडच्या वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष मांडतात, तोही असा की समोरच्याने मान डोलवावी. तर पूर्वपक्ष असा. जमिनीखालच्या तारेला वारा लागत नाही, तिच्यावर फांदी पडत नाही. तुटलेली तार अंगावर पडून माणूस किंवा बैल मरत नाही. आकडा टाकता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर लिंबाची आणि पिंपळाची मुंडकी छाटावी लागत नाहीत. मिरवणुकीत पुढे बांबूने तारा उचलणारा माणूस ठेवावा लागत नाही. दाखलेही भक्कम आहेत. मुंबई शहरात बेस्टचं वीजवितरण जमिनीखालून चालतं. विशाखापट्टणमला ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाने झोडपल्यावर तिथे भूमिगत केबलचं काम हाती घेतलं गेलं. काशीच्या गल्ल्यांतल्या लोंबत्या तारा गेल्या दशकात जमिनीत गेल्या. आणि जर्मनीत २०२२ साली सरासरी ग्राहकाची वीज वर्षभरात मिळून फक्त १२ मिनिटांच्या आसपास गेली.

यातलं एकही विधान खोटं नाही. त्यांवरून काढलेलं अनुमान मात्र चुकतं.

आधी डोळ्यांची एक फसगत दूर करू. शिवाजी चौकात किंवा नानलपेठेत मान वर केल्यावर जे काळं जाळं दिसतं, त्यातला मोठा भाग विजेचा नसतोच. ती टीव्हीची केबल असते, इंटरनेटची फायबर असते, बंद पडलेल्या जोडण्यांची कुणी न काढलेली वेटोळी असतात. विजेच्या तारा वरच्या अंगाला, एकमेकींपासून अंतर राखून असतात. उद्या त्या जमिनीत गेल्या तरी खांब बहुधा तिथेच राहतील, कारण रस्त्यावरचा दिवा कशावर तरी लावायचा असतो, आणि खांब राहिला की वेटोळीही राहतील. म्हणजे शहराच्या रूपाची जी तक्रार आहे, तिचा आरोपी दुसराच आहे.

आता वीज जाते कशाने? वादळात तार तुटते, हे खरं. पण वादळ नसलेल्या रात्री जी वीज जाते, ती आठवा. डीपीवर भार वाढलेला असतो, रोहित्रातलं तेल कमी झालेलं असतं, तीन फेजपैकी एकीवरच अर्धी गल्ली जोडलेली असते, खांबावर तारा जोडणारा जंपर सैल राहून तापतो आणि जळतो. पेटीत फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार पिळून बसवलेली असते, म्हणून जिथे फ्यूजने जायचं तिथे रोहित्र जातं. तुटून पडलेली तार अनेकदा जिवंत राहते, तीही या पिळलेल्या तारेच्या कृपेने. यातला एकही दोष दोन खांबांमधल्या तारेत नाही. तार पुरली तरी डीपी जमिनीवरच राहणार, फ्यूजही तोच आणि तो बसवणारा हातही तोच. केबलमध्ये दोष झाल्यावर जर फ्यूज वितळला नाही, तर आतापर्यंत वर ठिणग्या उडवणारा दोष जमिनीखाली केबल भाजत बसेल.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याने या प्रश्नाचा नीट हिशेब मांडला होता. डिसेंबर २००२ मधल्या हिमवादळाने तिथल्या लाखो घरांची वीज कित्येक दिवस गेली आणि लोकांनी आपल्यासारखीच मागणी केली. राज्याच्या वीज नियामकांनी २००३ मध्ये अभ्यास करून सांगितलं : सगळ्या वितरण वाहिन्या पुरायच्या तर सुमारे ४१ अब्ज डॉलर लागतील, काम २५ वर्षं चालेल आणि घरगुती वीजदर सव्वाशे टक्क्यांनी वाढेल. त्याहून उद्बोधक निष्कर्ष वेगळाच होता. जमिनीखालच्या वाहिनीत बिघाड निम्म्याने कमी होतात, पण झालेला बिघाड दुरुस्त करायला जास्त वेळ लागतो. वरच्या वाहिनीला सरासरी ९२ मिनिटं, तर खालच्या वाहिनीला १४५. ही मिनिटं अमेरिकेतली आहेत. आपल्याकडे त्यांचे तास होतात, आणि ते का, हे बघण्यासारखं आहे.

जंपर जळला तर अख्ख्या गल्लीला ठिणगी दिसते. ‘त्या मेडिकलपुढच्या खांबावर जाळ झाला’ असा फोन जातो, लाइनमन मोटारसायकलवर येतो, वाहिनी बंद करून घेतो, शिडी लावतो आणि काम उरकतो. केबलचा दोष कुणालाच दिसत नाही. आधी दोन्ही टोकं सोडवून कुठला तुकडा गेला ते ठरवायचं. मग दोष शोधणारी गाडी मागवायची, आणि ती काही प्रत्येक तालुक्याला उभी नसते. केबलमध्ये विजेची लहर सोडून परत येणाऱ्या लहरीवरून अंदाजे अंतर काढतात. नंतर उच्च दाबाचे ठोके देतात आणि माणूस जमिनीला कान लावल्यासारखा, यंत्र घेऊन, कुठे धप्प वाजतं ते ऐकत रस्त्याने चालतो. जागा सापडली की खोदायचं, ओलावा नसलेला कोरडा खड्डा करायचा, केबलचे थर सोलून जोड द्यायचा. जुलैत काळ्या मातीत खणलेला खड्डा कोरडा ठेवून दाखवा! ताडपत्रीखाली घाईत दिलेला जोड हाच पुढच्या बिघाडाचा पत्ता ठरतो.

मातीचं निघालंच आहे, तर तिथे जरा थांबू, कारण ओट्यावरच्या चर्चेत ती कधीच येत नाही. परभणीची काळी रेगूर माती कापसाला माऊली आहे. या मातीच्या अभ्यासावर इथल्या कृषी विद्यापीठात माणसांची आयुष्यं गेली. पण ती स्थिर नाही. पावसात पाणी पिऊन फुगते, एप्रिल-मेमध्ये आक्रसते आणि तिला भेगा पडतात, हातभर खोल, कधी त्याहून जास्त. घरांच्या भिंती तिरक्या चिरतात त्या यामुळेच; हे इथल्या गवंड्याला सांगावं लागत नाही. भारतीय मानकाप्रमाणे ११ केव्हीची केबल ९० सेंटिमीटर खोल आणि लघुदाबाची ७५ सेंटिमीटर खोल घालायची असते. म्हणजे माती दरवर्षी जिथे हलते, नेमकी तिथेच. केबल लवचीक असते, ती हे सोसते. जोड मात्र ताठ असतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. वीज वाहताना केबल तापते. वरच्या तारेची उष्णता वारा नेतो, खालच्या केबलची माती. ओली माती हे काम बरं करते. कोरडी, भेगाळलेली माती उष्णता धरून ठेवते, कारण भेगांतली हवा गोधडीसारखं काम करते. केबलवर किती भार घालायचा याचे आपल्याकडचे तक्ते जमिनीचं तापमान ३० अंश आणि मातीचा ठरावीक उष्णतारोध धरून केलेले असतात. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, घराघरांत कुलर-एसी चालतात, भार वर्षातला सर्वांत मोठा असतो, आणि त्याच महिन्यात माती उष्णता न्यायला सर्वांत नालायक झालेली असते. यावर उपाय आहेत. केबल जाड घ्यायची, खाली-वर वाळूची गादी घालायची, वर विटा किंवा फरशा ठेवायच्या. त्यांचा खर्च अंदाजपत्रकात असतोही. प्रत्यक्ष चरात मात्र काय जातं, हे चर बुजवल्यावर कोण पाहणार? गोदेच्या वाळूचे भाव गंगाखेड-सोनपेठकडच्या माणसाला विचारून पाहा, म्हणजे कंत्राटदाराचा पहिला मोह कुठे जाईल ते कळेल.

भूमिगत म्हणजे सगळंच जमिनीखाली, हाही समजच आहे. केबल ठिकठिकाणी वर येते, पेट्यांमध्ये. फिडर पिलर म्हणतात त्या गुडघाभर-कमरेएवढ्या उंचीच्या पेट्या. खांबावरच्या वाहिनीला रस्त्यावरून साडेपाच-सहा मीटर उंची राखावी लागते. तीच वीज आपण शेळी, पोर आणि तुंबलेलं पाणी यांच्या उंचीवर आणतो. दार नसलेली, आत फ्यूजची रांग उघडी पडलेली पेटी कुठल्या शहरात दिसत नाही? पत्र्याला भंगारात भाव आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईच्या उपनगरांत पाणी भरलं, तेव्हा जमिनीलगतची उपकरणं पाण्यात गेली आणि कित्येक भागांत वीज बंद ठेवावी लागली, काही ठिकाणी दिवसचे दिवस. वाऱ्यापासून सुटका झाली, पण पाण्याशी गाठ पडली.

आता जर्मनी. तिच्या १२ मिनिटांच्या हिशेबात तीन मिनिटांहून छोटे खंड आणि मोठ्या नैसर्गिक आपत्ती धरत नाहीत, हे बारीक अक्षरातलं आहे. तरी आकडा उत्तमच. पण तो केबलने आणला का? जर्मन गावांत वीज, पाणी, गॅस अनेक ठिकाणी एकाच नगरसंस्थेच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जो खणतो त्याच्या कपाटात सगळ्यांचे नकाशे असतात. केबल फूटपाथखाली ठरलेल्या जागी जाते, आणि ती जागा कागदावर उतरते. आपल्याकडे वसमत रस्ता राष्ट्रीय महामार्ग, आतला रस्ता महापालिकेचा, एखादा सार्वजनिक बांधकामचा, वीज महावितरणची, जलवाहिनी तिसऱ्याची, फायबर खासगी कंपनीची. प्रत्येकाची जेसीबी स्वतंत्र. पुण्या-पिंपरीत जेसीबीने केबल तोडली आणि हजारो घरं अंधारात गेली, ही बातमी इतकी नेहमीची झाली आहे की ती कुणी वाचतही नाही. तिथे जे वारंवार होतं ते इथे एकदाच होईल, असं मानायला मला तरी कारण सापडत नाही.

कुणी न्यायालयाचाही दाखला देतं : माळढोक पक्षी वाचवायला सर्वोच्च न्यायालयाने तारा पुरायला सांगितल्या, मग माणसांसाठी का नाही? एप्रिल २०२१ चा तो आदेश खरा. पण २१ मार्च २०२४ ला त्याच न्यायालयाने तो बदलला. माळढोकच्या सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरसकट भूमिगत वाहिन्या तांत्रिकदृष्ट्या शक्य नाहीत हे मान्य केलं आणि कुठे पुरायच्या, कुठे नाही, हे तज्ज्ञ समितीवर सोपवलं. तिथल्या वाहिन्या फार मोठ्या दाबाच्या, त्यांची अडचण वेगळी. गल्लीतल्या ४४० व्होल्टला तो न्याय जसाच्या तसा लावू नये. माझ्या बाजूने असला, तरी नको.

मग उत्तरपक्ष काय? तारा आहेत तशा लोंबू द्या, असं मी म्हणत नाही. उघड्या तारेच्या जागी खांबावरूनच जाणारी, इन्सुलेशन असलेली पिळाची केबल, जिला वीजवाले एबी केबल म्हणतात, ती घातली तर आकडा टाकणं अवघड होतं, फांदी घासून शॉर्ट होत नाही, आणि दोष डोळ्यांना दिसतो. खर्च जमिनीखालच्या केबलच्या मानाने फारच कमी. उन्हाने तिचं आवरण काही वर्षांत कडक होतं आणि जोड नीट नसला तर तोही जळतो, हे कबूल. पण तो शिडीवरून बदलता येतो.

आणि काही ठिकाणी तारा खरंच पुराव्यात. कच्छी बाजारासारख्या गल्ल्या, जिथे वरच्या मजल्याची गॅलरी आणि तार यांत हातभर अंतर राहिलं आहे. (नियमाने ११ केव्हीच्या तारेपासून इमारत आडवी १.२ मीटर दूर हवी. पुष्कळदा तार घराकडे आलेली नसते, घर तारेकडे गेलेलं असतं. पण भांडून काय उपयोग, लेकरू तर गॅलरीत खेळतंय.) रुग्णालयाची वाहिनी, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला लाखोंची गर्दी उसळते तो परिसर, मिरवणुकीचे चौक. एवढं केलं तर ते सांभाळता येईल. तेही दोन्ही बाजूंनी वीज घेता येईल असं कडं करून, म्हणजे दोष शोधेपर्यंत दुसऱ्या टोकाने पुरवठा चालू राहील. आणि थेट मातीत न पुरता पाइपातून, म्हणजे केबल बदलायला रस्ता फोडायला नको. डीपीवरचा भार मोजणं, तिन्ही फेजवर तो सारखा वाटणं, खरा फ्यूज बसवणं, ही कामं त्याच्या आधीची. त्यांचं उद्घाटन होत नाही, म्हणून ती कुठल्याच जाहीरनाम्यात नसतात.

एक काम मात्र आजच करता येण्यासारखं आहे. शहरातला कुठलाही रस्ता सिमेंटचा होत असेल, तेव्हा त्याच्या कडेने रिकामे पाइप टाकून ठेवायचे आणि ते नेमके कुठे आहेत हे महापालिकेच्या नकाशावर चढवायचं. सिमेंट ओतल्यावर दोनच महिन्यांत तो रस्ता कापणारं चाक आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या चाकाचा आवाज आणि पांढरी धूळ माझ्या खिडकीत गेल्या वर्षीपासून आहे. खाली काय पुरलंय, असं विचारलं तेव्हा चालवणाऱ्या पोराने खांदे उडवले आणि म्हणाला, लागलं की कळतंय.