पांढरी एक, ४ नोव्हेंबर १९६४

बुधवारची संध्याकाळ. तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोत डिव्हिसाडेरो स्ट्रीटवर ३२१ नंबरच्या इमारतीसमोर उभे आहात. कालच अमेरिकेत मतदान झालंय आणि जॉन्सननी गोल्डवॉटरना धूळ चारलीय. आत आहे टेप म्युझिक सेंटर. रॅमॉन सेंडर आणि मॉर्टन सुबॉटनिक यांनी दोन वर्षांपूर्वी सुरू केलेला, टेपरेकॉर्डरवर संगीत करून बघणाऱ्यांचा हा अड्डा. छडी हलवणारा कंडक्टर इथे नाही. टाळी नेमकी कधी वाजवायची, या धास्तीने तुम्ही आजवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या वाटेला गेला नसाल, तर ती धास्ती दारातच सोडा.

वादक बसलेत. अ‍ॅकॉर्डियन घेतलेल्या त्या पॉलिन ऑलिव्हेरॉस. सॅक्सोफोनवाला जॉन गिब्सन. आणि तो स्टीव्ह राइश, ज्याला अजून कोणी फारसं ओळखत नाही. रचना टेरी रायलीची. वय २९, गोल्ड स्ट्रीट सलूनमध्ये रॅगटाइम पियानो वाजवून पोट भरतो, आणि ही रचना त्याला कामावर जाताना बसमध्ये सुचली. नाव ‘इन सी’. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत, पांढरी एक.

शेजारच्या वादकाच्या कागदात डोकवा. अख्खी रचना एका पानात मावलीय: सुरांचे ५३ तुकडे, काही तर दोन-तीन सुरांचेच. सगळ्यांना तोच कागद. पहिल्या तुकड्यापासून निघायचं, प्रत्येक तुकडा हवा तितका वेळ घोळवायचा, मग पुढचा धरायचा. कोणी कधी पुढे सरकायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त बाकीच्यांपासून फार लांब जायचं नाही.

सुरू झालं. पियानोच्या वरच्या पट्ट्यांवर एकच सूर ठोकला जातोय, टिक टिक टिक टिक, आणि तो शेवटपर्यंत थांबणार नाही. ही सूचना राइशची. तालमीत मंडळी एकमेकांना चुकायला लागली, तेव्हा त्याने हा आधार सुचवला. तुमच्यासाठीही तोच धरून ठेवण्याजोगा आहे. त्याला सा माना. आता पहिला तुकडा ऐका: साचा कण घेऊन ग, पुन्हा ग, पुन्हा ग. कोणीतरी दुसऱ्यावर गेलं: ग म ग. थोड्या वेळाने कोणी सहावा धरेल, तेव्हा नुसता लांबलचक सा ऐकू येईल आणि त्याच्या अंगावर बाकीच्यांची चुळबुळ चाललेली असेल.

सम शोधू नका. ती नाही. मुखड्याची वाटही पाहू नका. एखादं वाद्य पकडा, हरवलं तर हरवू द्या, दुसरं पकडा.

चौदाव्या तुकड्याशी तीव्र मध्यम डोकावतो, आणि तुमची मान आपोआप वर होते. पुढे तो नीट मुक्कामालाच येतो. मधला काही भाग मात्र मला लांबलेला वाटतो. तिथे भिंतीवरचे टोनी मार्टिनचे प्रकाशखेळ पाहत बसलात तरी पाप लागणार नाही.

या साध्या साचं एवढं काय, असं वाटत असेल तर त्या काळातल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांत फेरी मारून या. संगीतकार शोनबर्गनंतर बाराही स्वरांना सारखा मान, घर म्हणून एकही नाही, अशी शिस्त तिथे रुजलेली. रायली स्वतः बर्कलीत शिकलेला. अशा वेळी सगळ्यांत बाळबोध समजल्या जाणाऱ्या पट्टीत ठाण मांडून बसायचं, हा उघड आगाऊपणा होता.

शेवट ऐका. कोमल निषाद आलाय. त्रेपन्नावा तुकडा म्हणजे तो आणि पंचम यांचीच भराभर आलटापालट. जो तिथे पोचतो तो तिथेच घुटमळत राहतो, कारण ही पंगत आहे: शेवटच्याचं आटोपेपर्यंत उठायचं नाही. सगळे पोचले की आवाज मिळून चढतो, उतरतो, आणि मग एकेक वाद्य बाजूला होतं. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे समीक्षक आल्फ्रेड फ्रँकेन्स्टाइन (होय, हेच आडनाव) याची मनापासून तारीफ करणार आहेत.

आता सहा वर्षं पुढे या. १९७० साली पंडित प्राणनाथ अमेरिकेत येतात आणि रायली त्यांचा शागीर्द होतो. गुरू किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. हिराबाई बडोदेकरांनाही याच खाँसाहेबांची तालीम. म्हणजे पुण्याच्या हिराबाई आणि हा कॅलिफोर्नियाचा पियानोवाला नात्याने एकाच घराण्यातले. ‘इन सी’ मात्र या तालमीच्या आधीची, हे विसरून तिला रागसंगीताचं अपत्य ठरवण्याची घाई आपल्याकडे होऊ शकते. ती करू नका.

घरी ऐकायला १९६८चं कोलंबियाचं ध्वनिमुद्रण घ्या. ते रुचलं नाही तर २०१७चं ब्रुकलिन रागा मॅसिव्हचं लावा, त्यात सतार, सरोद, बासरी आहेत. कागद तोच, पण दोन्ही मुद्रणं एकमेकांना ओळखणारही नाहीत. आणि पाय अजून दुखत नसतील तर पुढचा थांबा न्यूयॉर्कचा टाउन हॉल, २४ एप्रिल १९७६. राइशची ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ तिथे पहिल्यांदा वाजतेय. टिक टिक तिथेही भेटेल, पण तिथे वादकांना हवं तितकं रेंगाळायची मुभा नाही. व्हायब्राफोनने खूण केली की सगळ्यांनी पुढे सरकायचं.