शिक्का एकाचा, माग दुसऱ्याचा

श्रोतेहो, सदऱ्याचे कापड घेताना आपण काठावरचा शिक्का पाहतो. पण शिक्का एकाचा आणि विणणारा दुसराच, असंही असतं बरं का! आपल्या नावाचा माल बाहेरून करून घ्यायचा, या रीतीला आज आउटसोर्सिंग म्हणतात. कुर्ल्याच्या एका गिरणीवरून ती समजून घेऊ.

एकोणिसाव्या शतकात आपला कापूस बोटीने लँकेशायरला जाई आणि कापड होऊन परत येई. त्यापायी गावोगावचे हातमाग बसले. पुढे मुंबईतच गिरण्या निघाल्या. १८८६ साली जमशेटजी टाटांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे नाव 'स्वदेशी' ठेवले. कापूस जवळचा, मजुरी स्वस्त. मुंबईचे सूत चीनमध्ये खपू लागले, तशी मँचेस्टरला धास्ती पडली. कालांतराने तो बाजारही जपानने घेतला.

कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी या गिरण्या चालवल्या. पाळीचे तास, बोनस, फंड हे त्यांनी लढून मिळवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या थंडावल्या, पण बाजारातले कापड आटले नाही. कसं बरं? भिवंडीचे यंत्रमाग चालू होते. सूत दुसऱ्याने द्यायचे, मागवाल्याने विणून द्यायचे. मजुरी मीटरवर, पाळी बारा तासांची. माग पुष्कळदा गिरण्यांनीच मोडीत काढलेले. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना कायदा दहा कामगारांपासून लागू होई; चार-सहा मागांच्या खोलीला तो शिवत नसे. स्वस्ताई आली ती इथून.

२००० साली कुर्ल्याची स्वदेशी बंद पडली. थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढावी लागली.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. २०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे दगावली. परदेशी दुकानांचे कपडे ती शिवत होती. कपड्यावर नाव मात्र त्या दुकानांचे!

काम खाडी ओलांडते, समुद्र ओलांडते. ज्याच्या दारी जाते, त्याची चूल पेटते, हेही खरे. कुर्ल्याची चूल तशीच पेटली होती. पण कामगाराचे हक्क कामाबरोबर जात नाहीत, ते जुन्या दारातच राहतात. नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून लढावे लागते.

गुरुजी, बाई, उद्या वर्गात मुलांना आपापल्या सदऱ्यावरचा शिक्का वाचायला सांगा. मग विचारा : हे कापड विणले कोणी, आणि त्याच्या हाती काय पडले?